ढालीवरची कोरी पट्टी

मूलचंद साईंनी मला विचारलेल्या पहिल्या प्रश्नाचा नोकरीशी काडीचाही संबंध नव्हता. पिंपरीला औषधांचा नवा कारखाना सुरू झाला होता आणि मी तिथल्या टाइम ऑफिसात कारकून म्हणून रुजू व्हायला गेलो होतो. हातात नेमणुकीचं पत्र, अंगात नवा सदरा. साईंनी पत्राकडे पाहिलंच नाही. त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं आणि म्हणाले, "उंची किती?"

"पाच फूट चार इंच."

"मग बस खाली, सावंत," असं म्हणून त्यांनी एक सुस्कारा सोडला आणि हजेरीची कार्डं माझ्यापुढे सरकवली. पुढची चार वर्षं आम्ही एकाच टेबलाच्या दोन बाजूंना बसलो, पण माझ्या उंचीबद्दलची त्यांची निराशा काही गेली नाही.

साई मूळचे कराचीचे. फाळणीनंतर पिंपरीत निर्वासितांची छावणी पडली, तिथल्या बराकीत बायको आणि मुलासह राहत. सिंधी माणसाला आदराने 'साईं' म्हणतात, हे आम्हाला त्यांच्या शेजाऱ्यांकडून कळलं आणि सगळा कारखाना त्यांना साई म्हणायला लागला. अंगाने काटकुळे, डोक्यावर काळी टोपी, विजारीला नेहमी इस्त्री. मराठी त्यांनी कामगारांकडून उचलली होती आणि तिच्यातली सगळी लिंगं आपल्या मर्जीने वाटून टाकली होती. टाइम ऑफिसातला कडक माणूस म्हणून त्यांचा दरारा होता. सात वाजून एक मिनिटाने आलेल्या माणसाच्या कार्डावर लाल शिक्का पडायचा म्हणजे पडायचा, मग तो माणूस त्यांच्या शेजारच्या बराकीतला का असेना.

भोंग्याचं बटण आमच्याच खोलीत होतं. सकाळी सात, दुपारी तीन, रात्री अकरा. भोंगा वाजला की सगळा कारखाना एका क्षणात हातातलं काम टाकायचा. चाकणच्या रस्त्यावरून जाणारे गाडीवानसुद्धा त्यावर वेळ लावत, असं ज्ञानोबा सांगायचा. हा ज्ञानोबा चिखलीचा. सहा फूट दोन इंच उंच. बाटल्या धुण्याच्या खात्यात होता. साईंनी त्याला पहिल्यांदा दारातून वाकून आत येताना पाहिलं तेव्हा त्यांच्या हातातला शिक्का हवेतच राहिला, आणि त्या एका दिवशी उशिरा आलेला ज्ञानोबा लाल शिक्क्यातून सुटला. साईंनी नियम मोडलेला मी पाहिला तो एवढाच.

कारण साईंना वेड होतं बास्केटबॉलचं. टाइम ऑफिसच्या मागे सिमेंटची जागा होती. तिथे त्यांनी कारखान्याच्या कामगार कल्याण अधिकाऱ्याच्या मागे लागून दोन खांब उभे करून घेतले आणि उंची बघून दहा माणसं गोळा केली. त्या सगळ्या भागात सिमेंटचं मैदान तेवढं एकच, म्हणून कारखान्यांच्या स्पर्धेचे सामनेही आमच्याकडेच होऊ लागले. स्पर्धेला एक फिरती ढाल होती. लाकडाची, मधोमध पितळी चेंडू आणि कडेने चांदीच्या छोट्या छोट्या पट्ट्या. दर वर्षी जिंकणाऱ्याचं नाव एका पट्टीवर कोरायचं. साईंना ती ढाल नको होती. त्यांना त्यातली एक पट्टी हवी होती.

हे वेड किती खोल होतं ते त्यांच्या जपावरून कळायचं. कार्डं लावताना ते पुटपुटत. मला आधी वाटलं, देवाचं नाव घेतात. कान देऊन ऐकलं तर भलतंच. "अठ्ठेचाळीस, बाल्टिमोर. एकोणपन्नास, मिनियापोलिस. पन्नास, मिनियापोलिस. एक्कावन, रॉचेस्टर. बावन, त्रेपन, चोपन, मिनियापोलिस." अमेरिकेत म्हणे या खेळाचे धंदेवाईक संघ होते आणि ही त्यांच्या विजेत्या गावांची यादी होती. यंत्रं बसवायला आलेला एक अमेरिकन इंजिनिअर जाताना साईंना मासिकांचा गठ्ठा देऊन गेला होता. तो परत गेल्यावरही दर मे महिन्यात त्याचं एक पोस्टकार्ड यायचं. त्यावर तब्येतपाणी काही नाही, फक्त साल आणि गाव. पंचावनचं कार्ड आलं तेव्हा 'सिरॅक्यूज' हा शब्द साईंनी दिवसभर वेगवेगळ्या पद्धतीने म्हणून पाहिला आणि संध्याकाळी यादीत जोडला.

ही धंदेवाईक भानगड खेळाडूंना पटवून देणं मात्र सोपं नव्हतं.

"म्हंजी नुस्ता चेंडू टाकायचा पगार?" ज्ञानोबाने विचारलं.

"फक्त चेंडू टाकायचा."

"आन काम कंदी करत्यात?"

"तोच त्यांचा काम, बाबा."

ज्ञानोबाने बराच विचार केला. "मंग ज्यादा टाइम खेळलं तर ओव्हरटाइमबी देत असत्याल," तो म्हणाला. साईंनी कपाळावर हात मारून घेतला, पण घरी जाताना मला म्हणाले, "प्रश्न वाईट नव्हती."

पहिल्या वर्षी आम्ही अंतिम सामन्यापर्यंत गेलो. समोर देहूरोडचा लष्करी डेपो. रविवारी दुपारी एकला सामना ठरला होता, म्हणजे तीनच्या आत आटोपला असता. पण प्रमुख पाहुणे पाऊण तास उशिरा आले, मग त्यांचं भाषण, मग हारतुरे. कारखाना रविवारीही चालायचा. मी एकटा ड्युटीवर होतो, टाइम ऑफिसच्या मागच्या खिडकीतून सामना पाहत होतो. तीनला मिनिट कमी असताना आम्ही एका गुणाने पुढे होतो आणि चेंडू ज्ञानोबाच्या हातात होता. मी घड्याळ पाहिलं. तीन वाजले. मी बटण दाबलं.

यानंतर जे झालं ते मी जन्मात विसरणार नाही. भोंगा वाजताच ज्ञानोबाने चेंडू खाली ठेवला. टाकला नाही, नीट ठेवला, बाटली ठेवावी तसा. आणि हात विजारीला पुसत तो बाहेर चालू लागला. त्याच्यामागून बाकीचे चौघे. पाचच्या पाच माणसं पाळी संपवून घरी निघाली. पंचांची शिट्टी झालीच नव्हती. डेपोच्या एका जवानाने क्षणभर इकडेतिकडे पाहिलं, चेंडू उचलला, सावकाश चालत गेला आणि बास्केटात टाकला. मग शिट्टी झाली.

मैदानावर हसण्याचा जो कल्लोळ उठला त्यात साई एकटे उभे होते. बटणावर माझं बोट अजून तसंच होतं. मला त्या दिवशी स्वतःची इतकी लाज वाटली की सोमवारी मी त्यांच्या नजरेला नजर देईना. ते कार्डं लावत होते.

"साई, मी दोन मिनिटं थांबलो असतो तर..."

"तर लाल शिक्का तुझ्या कार्डावर मारला असता," ते म्हणाले. "तीन म्हणजे तीन. चूक भोंग्याचा नाही, सावंत. चूक हाताची आहे. हात शिकवायला पाहिजे."

आणि त्यांनी हात शिकवायला घेतले. कल्याण अधिकाऱ्याकडून त्यांनी लेखी परवानगी मिळवली. संघाच्या दहा जणांनी सकाळी पावणेसातलाच कामावर यायचं आणि दुपारी पावणेतीनला सुटायचं. ती पंधरा मिनिटं कशासाठी, तर तीनचा भोंगा खेळता खेळता ऐकायचा. भोंग्याला जो थांबेल त्याने मैदानाला पाच चकरा मारायच्या. पहिल्या दिवशी दहाही जण धावले. आठवड्याने सहा. ज्ञानोबाचं काही जमेना. तो धावून धावून बारीक झाला.

"साई, म्या न्हाई थांबत, हात थांबत्यात," तो काकुळतीने म्हणायचा. "समदी मान्सं थांबलीत आन आपूनच नाचतोय, लाज वाटती वो."

"वाटू दे लाज. चेंडू हलवत ठेव."

इतर खात्यांतले लोक ही गंमत बघायला कुंपणाशी जमत आणि भोंगा झाला की ओरडत, "ज्ञानोबा, घरी चल!" साई त्यांच्याकडे पाठ करून उभे राहत. एक दिवस भोंगा वाजला, संपला, आणि ज्ञानोबाच्या हातातला चेंडू टप्पे घेतच राहिला. त्याला स्वतःला ते आधी कळलंच नाही. साईंनी टोपी काढली, डोकं पुसलं आणि परत घातली. शाबासकी दिली नाही. पण दुसऱ्या दिवशी बायकोच्या हातचा लोला, म्हणजे सिंध्यांची जाड गोड पोळी, डब्यातून आणला आणि ज्ञानोबाच्या हातावर सबंध ठेवला.

त्याच उन्हाळ्यात छप्पनचं पोस्टकार्ड आलं. मीच ते वाचलं. "साई, फिलाडेल्फिया."

"दुसऱ्यांदा," साई सहज बोलून गेले.

चार अक्षरांचं काम होतं, पण मला खटकलं. रोज ऐकून यादी मलाही पाठ झाली होती. "दुसऱ्यांदा कसं? अठ्ठेचाळीसपासून फिलाडेल्फिया कुठेच नाही."

 साईंनी सगळी कार्डं जागेवर लावली, खोलीचं दार लोटून घेतलं आणि बोलले. अमेरिकेतली यादी अठ्ठेचाळीसपासून सुरूच होत नव्हती. सत्तेचाळीसपासून होत होती, आणि त्या पहिल्या वर्षी फिलाडेल्फिया जिंकलं होतं. पण सत्तेचाळीस म्हटलं की साईंच्या तोंडून दुसऱ्या कुणाचं नाव निघत नसे. त्या वर्षी कराचीत साईंचा गल्लीतला संघ तिथल्या स्पर्धेत पहिला आला होता. तिथेही अशीच ढाल होती, अशाच पट्ट्या होत्या. कमिटीने सांगितलं, कोरणारा कारागीर गावाला गेलाय, पुढच्या महिन्यात नाव कोरू. पुढच्या महिन्यात साई बोटीत होते, एका हातात ट्रंक आणि दुसऱ्या हातात बारा वर्षांच्या मुलाचा हात. पाच खेळाडूंपैकी दोघे कुठे गेले ते त्यांना कधीच कळलं नाही.

"ती पट्टी कोरी आहे," ते म्हणाले. "कोणी ढाल पाहिली तर म्हणेल, त्या साली कोणी खेळलाच नाही. आम्ही खेळलो होतो, सावंत. मी स्वतः खेळलो होतो."

 मी उठून त्यांच्यासाठी चहा सांगितला, एवढंच.

दुसऱ्या वर्षी आम्ही पुन्हा अंतिम सामन्यात आलो. या खेपेला समोर चिंचवडचा एक यंत्रांचा कारखाना होता. पाहुणे पुन्हा उशिरा आले, भाषण पुन्हा झालं. सकाळी मी साईंना हळूच विचारलं होतं की आज भोंगा जरा मागेपुढे ठेवू का. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी वाक्य अर्धंच गिळलं. तीन वाजायला आले तेव्हा चिंचवड एका गुणाने पुढे होतं आणि चेंडूही त्यांच्याच माणसाकडे होता. मी डोळे मिटून बटण दाबलं.

चिंचवडच्या कारखान्यातही तीनलाच भोंगा व्हायचा. त्यांचे पाचही जण थांबले. ज्याच्या हातात चेंडू होता त्याने तो समोरच्या माणसापुढे धरला, पाळी बदलताना पाना पुढच्याच्या हातात द्यावा तसा. समोर ज्ञानोबा होता. त्याने चेंडू घेतला, दोन टप्पे घेतले आणि बास्केटात टाकला. शिट्टी झाली. आम्ही एका गुणाने जिंकलो होतो!

आमच्या लोकांनी ज्ञानोबाला खांद्यावर घेतलं. तिकडे चिंचवडच्या लोकांनी टेबलाला गराडा घातला. हे जिंकणं नव्हे, ही लबाडी आहे, असा ओरडा झाला. बाचाबाची वाढली, कुणीतरी खुर्ची उचलली. कमिटीचे लोक घाबरले. आपसांत कुजबुजून त्यांनी जाहीर केलं की वाद नको म्हणून या वर्षीची ढाल कुणालाच नाही. पट्टी कोरी ठेवू.

साईंचा चेहरा मी खिडकीतून पाहिला आणि खोली उघडी टाकून धावत बाहेर आलो. नियमाने ती माझी चूकच होती.

"कोरी नाही ठेवायची," साई टेबलावर दोन्ही हात ठेवून म्हणाले. "आमचा नाव लिहा. नाही तर त्यांचा लिहा. पण लिहा."

"अहो, पण ठरायचं कसं?" सेक्रेटरीने विचारलं.

"शेवटची दोन मिनिटं परत खेळा. पुढच्या रविवारी. ते एकाने पुढे, चेंडू त्यांच्याकडे. जसा होता तसा."

आमचे लोक सुन्न झाले. ज्ञानोबा खांद्यावरून खाली उतरला आणि गर्दीतून वाट काढत आला. "साई, आमी जिंकलोय नव्हं? शिट्टी झाली न्हवती. तुमीच शिकविलं न्हाई का, शिट्टीबिगर थांबायचं न्हाई म्हणून? वरीसभर धावलो म्या!"

"जिंकलास तू. मला माहीत आहे."

"मंग?"

"आज तुला माहीत आहे, मला माहीत आहे. पट्टी कोरी राहिला तर वीस वर्षांनी कोणाला माहीत राहणार?"

ज्ञानोबा संतापून निघून गेला. माझंही मन साईंवर रागावलं होतं, खोटं कशाला सांगू. कारण मला ठाऊक होतं, आणि साईंना तर माझ्याहून जास्त ठाऊक होतं, की ती दोन मिनिटं कशी जाणार. त्यांनीच आम्हाला कितीदा तरी सांगितलं होतं. फोर्ट वेन नावाच्या गावाच्या दुबळ्या संघाने एकदा मिनियापोलिसच्या विजेत्यांविरुद्ध सगळा वेळ चेंडू नुसता हातात धरून ठेवला आणि एकोणीस-अठरा असा सामना मारला. त्यावर पुढे अमेरिकेत नियम झाला की चोवीस सेकंदांच्या आत चेंडू टाकलाच पाहिजे. पिंपरीत तो नियम अजून यायचा होता.

पुढच्या रविवारी दोन मिनिटांचा सामना बघायला आकुर्डी-चिंचवडपासून माणसं सायकली हाणत आली. ज्ञानोबा येईल की नाही अशी धाकधूक होती. आला, पण साईंशी बोलला नाही. चिंचवडच्या लोकांनी साईंना वाटत होतं तेच केलं. चेंडू याच्याकडून त्याच्याकडे, त्याच्याकडून परत याच्याकडे. आमची माणसं मधे पिसाटासारखी धावली. शेवटी ज्ञानोबाचं बोट चेंडूला लागलं, चेंडू उडाला, आणि शिट्टी झाली. आम्ही एका गुणाने हरलो.

सोमवारी साई कामावर आले नाहीत. आजवर असं कधी झालं नव्हतं. मला वाटलं, माणूस कोलमडला. दुपारी चौकशी केली तेव्हा कळलं, ते चिंचवडच्या कप्तानाला घेऊन पुण्याला गेलेत. रविवार पेठेतल्या कारागिरासमोर ते तीन तास स्टुलावर बसून होते. चिंचवडच्या कारखान्याचं नाव पट्टीवर पुरतं कोरलं जाईपर्यंत उठले नाहीत.

"कमिटीने महिनाभरात कोरून घेतलंच असतं की," मी मंगळवारी म्हणालो.

"महिनाभर थांबला की काय होतं, ते मी पाहिलंय," साई म्हणाले आणि स्वतःच्या कार्डावर सोमवारची रजा लिहिली. मग घड्याळाकडे बघून उठले. पावणेतीन झाले होते. मागच्या मैदानावर चेंडूचे टप्पे ऐकू येत होते. खिडकीतून पाहिलं तर ज्ञानोबा एकटाच आला होता. साई त्याच्यासमोर जाऊन उभे राहिले.  थोड्या वेळाने मी तीनचा भोंगा वाजवला आणि टप्पे थांबले नाहीत.

तिसऱ्या वर्षी आम्ही जिंकलो. त्याचं वर्णन करण्यासारखं खरंच काही नाही. पाहुणे वेळेवर आले, सामना अडीचलाच संपला, आम्ही कितीतरी पुढे होतो. भांडण नाही, ओरडा नाही. दुसऱ्या दिवशी साई आणि ज्ञानोबा पुण्याला गेले आणि कोरलेली पट्टी घेऊन आले. ढाल करमणूक खोलीतल्या काचेच्या कपाटात लागली.

त्यानंतर काही महिन्यांनी साईंच्या मुलाने अजमेरला दुकान टाकलं आणि आईवडिलांना बोलावून घेतलं. साईंचा शेवटचा दिवस होता तेव्हा निरोपाचा समारंभ त्यांनी करू दिला नाही. अडीचपर्यंत कार्डं लावली. ड्रॉवरची किल्ली माझ्या हातात दिली. म्हणाले, "उंची नाही, पण कारकून चांगला निघालास." मग करमणूक खोलीकडे गेले. तीनला दोन मिनिटं कमी असताना मला राहवेना म्हणून मी दारात जाऊन पाहिलं. ते कपाटासमोर उभे होते. चष्मा वर करून एकेक पट्टी वाचत होते. डेपो. चिंचवड. मग आमची. खेळलेल्या सालांतली एकही कोरी नव्हती. त्यांनी काचेवर, आमच्या पट्टीवर, अंगठा टेकवला आणि हलक्या आवाजात जप सुरू केला.

"सत्तेचाळीस, फिलाडेल्फिया."

चार वर्षांत त्यांच्या यादीत हे मी कधी ऐकलं नव्हतं. माझे डोळे भरून आले. पण तीन वाजत होते, म्हणून मी धावत खोलीत गेलो आणि बटण दाबलं. कारखान्यातले हात थांबले. फाटकाकडे जाणारी माणसंही सवयीने जागच्या जागी थबकली. त्यांच्यामधून काळी टोपी घातलेले साई तोंडाने पुटपुटत चालले होते. अठ्ठेचाळीस, बाल्टिमोर. एकोणपन्नास, मिनियापोलिस. भोंगा संपेपर्यंत ते फाटकाबाहेर पोचले होते, आणि मधे एकदाही थांबले नव्हते.